पायीं चालणाऱ्यांचा पूल

घोडेस्वारानें रस्त्याच्या मधून जावें आणि पायीं चालणाऱ्यानें अंग चोरून कडेला उभें राहावें, ही जगाची जुनी रीत आपणांस ठाऊकच आहे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराच्या सेंट्रल पार्क नांवाच्या विस्तीर्ण उद्यानांत, मोठ्या तलावाच्या उत्तरेस, एका निवांत कोपऱ्यांत ओतीव लोखंडाचा एक पूल आहे. तेथें ही रीत उलटी केली आहे. घोड्यांची वाट कमानीखालून जाते, आणि पायीं चालणारा वरून जातो.

हा पूल १८६४ सालचा. कॅल्व्हर्ट व्हॉक्स ह्यांनीं तो योजिला. उद्यान बांधतांना गाड्या, घोडेस्वार व पादचारी ह्यांचे मार्ग वेगळे राखिले, म्हणून असे अनेक पूल बांधावे लागले.

कोणी विचारील, त्याला एवढी शोभा कशाला? कमानीच्या दोहों बाजूंस लोखंड वेलीप्रमाणें वळविलें आहे. साधा फळ्यांचा पूल पुरला नसता काय? हा प्रश्न दिसतो तितका निर्दोष नाहीं. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील नक्षीबद्दल तो कोणी सहसा विचारीत नाहीं. गरिबांस कांहीं मिळूं लागलें म्हणजे मात्र लगेच निघतो. ज्या वाटेनें कोणीही दाम न देतां जावें, तिची शोभा हा चालणाऱ्याचा मान आहे, असें मला वाटतें.

परंतु येथेंच मन अडखळतें. पुलापासून दक्षिणेकडे थोड्या अंतरावर पूर्वीं सेनेका नांवाचें खेडें होतें. १८२५ पासून आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र लोकांनीं तेथें जमिनी विकत घेऊन घरें बांधिलीं. १८५५ सालीं सुमारें २२५ माणसें तेथें राहत; तीन उपासनामंदिरें होतीं, शाळा होती, मृतांस पुरण्याच्या जागा होत्या. उद्यानासाठीं ती जमीन घेण्यांत आली, आणि १८५७ सालीं सर्वांस उठावें लागलें. जमिनीच्या धन्यांस पैसे मिळाले. शेजार मात्र कोणी मोजून दिला नाहीं.

थोड्यांचीं घरें मोडून हजारांस सुंदर वाट दिली, तर हिशेब जमतो काय? जमतो असें म्हणण्याचें धैर्य मला होत नाहीं. पुष्कळांचें हित झालें हें खरें. पण उठविलेल्यांच्या वतीनें ‘फिटलें’ असें लिहिण्याचा अधिकार त्या पुष्कळांस नाहीं. पूल पाडावा, असेंही मी म्हणत नाहीं. त्यानें कोणाचें घर परत उभें राहणार नाहीं.

२००१ सालीं त्या जागीं खेड्याच्या स्मरणार्थ पाटी लाविली. २०११ सालीं तेथें खणून पाहिलें, तेव्हां चहाची लोखंडी किटली, भांडीं आणि चामड्याच्या तळाचा एक लहानसा बूट सांपडला.