ओळखलंत का मला?

“ओळखलंत का मला?” आजाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकता टाकताच पाहुणे विचारतात. विचारतात ते मायेनेच. पण उशीला टेकून अर्धवट ग्लानीत पडलेल्या माणसाला ती तोंडी परीक्षा वाटते, आणि ती दर पाहुण्यागणिक नव्याने द्यावी लागते. त्यापेक्षा “काका, मी सुनील, कमळाताईचा धाकटा” असं सांगून खुर्ची ओढून बसावं. ओळख पटली तर पटली.

शेवटच्या आजारात माणूस भ्रमात जाऊ शकतो, हे घरच्यांना बहुधा कुणी आधी सांगितलेलं नसतं. दुखणं वाढेल, जेवण तुटेल, याची मनाने तयारी झालेली असते. पण जिच्याशी जन्मभर संसार केला तिलाच “बाई, तुम्ही कोण?” असं विचारलं जातं, तेव्हा ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन रडते. वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, १९८६ साली सुरू झालं. अशा ठिकाणी काम करणाऱ्या परिचारिकांना हा भ्रम रोजचा असतो. रुग्ण काय बडबडतोय याचा अर्थ लावत बसण्याआधी त्या त्याच्या ओटीपोटावर हात ठेवून बघतात. लघवी तुंबली आहे का? पोट कधी साफ झालं होतं? अंगात ताप आहे का, तोंडाला कोरड पडली आहे का, मॉर्फिनचा डोस नुकता वाढवला का? रक्तातलं कॅल्शियम वाढलं, यकृत किंवा मूत्रपिंड थकलं, तरी डोकं ठिकाणावर राहत नाही. म्हणून कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज एकाएकी बरळू लागला, तर “आता असंच चालायचं” म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना लगेच कळवावं. तुंबलेली लघवी मोकळी झाल्यावर तोच माणूस संध्याकाळी चहा मागतो, असंही घडतं. आणि भ्रम नेहमी आरडाओरडाच करतो असं नाही. दिवसभर भिंतीकडे बघत गप्प पडलेल्या माणसाकडे बोट दाखवून आपण म्हणतो, “आज कसे शांत आहेत!”

“झोपेचं काहीतरी द्या हो,” असं आपण डॉक्टरांना विनवतो. मात्र २०१७ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात परिहार सेवेतले, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमधले, २४७ रुग्ण होते, भ्रम फार तीव्र नसलेले. हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन ही नेहमीची औषधं दिलेल्यांचा त्रास नुसतं औषधविरहित द्रावण दिलेल्यांपेक्षा जास्तच राहिला. माणूस भयाने थरथरत असेल, पलंगावरून उडी टाकू बघत असेल, तर औषध लागतंच, आणि ते डॉक्टर ठरवतील. एरवी डोळ्यांवर चष्मा, कानात यंत्र, रात्री मंद दिवा आणि ओळखीचा आवाज, हे आधी करून बघावं.

खरी कसोटी लागते ती बोलताना. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस चादरीचं टोक चिमटीत धरून तिकिटं फाडत असतो. “पुढे सरका, पुढे सरका,” म्हणतो. मुलगा सांगतो, “अप्पा, रिटायर होऊन किती वर्षं झाली तुम्हाला! आपण घरी आहोत.” झालं, अप्पा चिडतात, कारण समोर गाडी भरलेली त्यांना दिसत असते. नात मात्र विचारते, “गाडी कुठली हो अप्पा?” आणि अप्पा गाडीचं नाव, वाटेतले थांबे, घाटातली चहाची टपरी, सगळं सांगत बसतात. मरणाजवळ आलेली माणसं प्रवासाचं, सामान बांधण्याचं, तिकिटाचं पुष्कळ बोलतात, हे मॅगी कॅलनन आणि पॅट्रिशिया केली या अमेरिकन परिचारिकांनी १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे.

“आई आली का?” या प्रश्नाला “ती कधीच गेली” हे उत्तर खरं असलं, तरी ऐकणाऱ्याची आई त्या क्षणी नव्याने जाते, आणि तासाभराने पुन्हा जाते. “येतेय, बस चुकली तिची,” असली थाप मलाही पटत नाही. “आईची आठवण येतेय ना? काय करायची ती तुमच्यासाठी?” असं विचारता येतं. त्यात खोटं काही नाही.

“माझे पैसे चोरले,” “दुधात काहीतरी कालवलंय” हे आरोप मात्र जिव्हारी लागतात. ते बहुधा सगळ्यात जास्त राबणाऱ्या सुनेच्याच वाट्याला येतात, कारण चोवीस तास समोर तीच असते. अशा वेळी ‘ते आजारामुळे बोलतात, तू मनावर घेऊ नकोस’ एवढी समजूत पुरत नाही. त्या रात्रीची पाळी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. मुलाने घेतली तर उत्तमच.