वडिलांच्या भेटीला

वडीलधाऱ्यांचा आदर त्यांच्या कर्तृत्वासाठी करायचा, की ते वडीलधारे आहेत एवढ्यासाठीच? हा प्रश्न मी वर्गात अनेकदा चर्चेला दिला आहे. त्याचे उत्तर मात्र मलाच द्यावे लागेल असे वाटले नव्हते.

आमच्या शाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांविषयी मला फार आदर आहे. त्यांच्या वडिलांना भेटावे अशी इच्छा मनात होती. ते निवृत्त मुख्याध्यापक. मुलींना लवकर शाळेतून काढण्याच्या काळात त्यांनी घरोघरी जाऊन आईबापांची समजूत घातली आणि कितीतरी मुलींना मॅट्रिकपर्यंत नेले.

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे पानमळ्यांचे गाव. असरच्या नमाजनंतर पोहोचलो, तेव्हा ते मळ्यात वेल बांधत होते. सलाम झाला. मनात जुळवलेली स्तुतीची वाक्ये मी सुरू केली, ती मध्येच थांबवून त्यांनी विचारले, “तुमचे अब्बा कसे आहेत? त्यांना बरोबर का नाही आणलंत?”

माझ्या वडिलांनी आयुष्यभर हमाली केली. त्यांना अक्षरओळख नाही. “प्रवास झेपत नाही त्यांना,” मी म्हणालो. ते असत्य होते. रोज फजरला ते मशिदीत चालत जातात.

“मग मीच येतो त्यांच्याकडे.”

हे शब्द ऐकताच हजरत अबू कुहाफा (र.) आठवले. इ.स. 630 मध्ये मक्का विजयाच्या वेळी हजरत अबू बकर (र.) आपल्या या वृद्ध, अंध पित्याला घेऊन प्रेषितांकडे (स.) आले. तोवर पित्याने इस्लाम स्वीकारलेला नव्हता. सांगण्यासारखे काही कर्तृत्वही त्यांच्या नावावर नव्हते. तरीही प्रेषित (स.) म्हणाले की, या वृद्धांना घरीच राहू द्यायचे होते, मी स्वतः त्यांच्याकडे गेलो असतो.

विद्वानांचा मान इस्लामने उंच ठेवला आहे, यात शंका नाही. पण तो मान माणूस मिळवतो. मातापित्यांचा मान हे आपल्यावरचे देणे आहे. सूरह बनी इसराईलच्या 23 व 24 व्या आयतींत वार्धक्याचा उल्लेख आहे, शिक्षणाचा किंवा हुद्द्याचा नाही.

याच अबू कुहाफांशी संबंधित आणखी एक प्रसंग आहे. हिजरतच्या वेळी अबू बकर (र.) घरातील सर्व रक्कम घेऊन गेले. आजोबांना चिंता वाटू नये म्हणून हजरत अस्मा (र.) यांनी कोनाड्यात खडे ठेवले, वर कापड पसरले आणि त्यांचा हात त्यावर ठेवला. वृद्धाचे मन निवावे म्हणून नातीने ती युक्ती केली. मी जे बोललो ते कोणाचे मन निवावे म्हणून? वडील तर तेथे नव्हतेच. माझीच प्रतिष्ठा मी झाकत होतो, आणि तीही ज्या माणसाने स्तुती ऐकून घेतली नाही त्याच्यासमोर.

निघताना त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने दिली, “अब्बांना द्या.” रात्री ती वडिलांपुढे ठेवली. त्यांनी एक पान दिव्याजवळ धरून पाहिले आणि विचारले, “कोणी दिली?”

मी सर्व सांगितले, माझ्या उत्तरासह. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते येणार आहेत ना? कोणत्या दिवशी, ते विचारून घे.”