दे त्याला!

वाक्प्रचाराला अर्थ एकच असतो, आणि तो पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलेला असतो, अशी आमच्या इंग्रजीच्या मास्तरांची ठाम श्रद्धा होती. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ आणि मध्ये एक आडवी रेघ. लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं छापावीत तसा थाट! पुढे थोडं वाचन झाल्यावर कळतं, की यातल्या पुष्कळांनी दोन-दोन संसार थाटलेले आहेत.

साधा 'टेबल' शब्द घ्या. सभेत एखादा विषय 'टेबल' करायचा म्हणजे इंग्लंडात तो आत्ताच्या आत्ता चर्चेला घ्यायचा. अमेरिकेत मात्र तो तूर्त बाजूला ठेवायचा. दुसऱ्या महायुद्धात या दोन दोस्त राष्ट्रांचे अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ हमरीतुमरीवर आले होते, असं खुद्द चर्चिलसाहेबांनी आपल्या महायुद्धाच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. शेवटी उलगडा झाला तो असा, की दोन्ही बाजूंना हवं होतं ते एकच! आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सभेत निदान भांडणं तरी खरी असतात.

साहेबाला हसायला हरकत नाही. पण आपली मायमराठी काही कमी नाही. कचेरीतला 'बघतो' म्हणजे बघणार नाही. मुलीच्या वडिलांना सांगितलेलं 'कळवतो' म्हणजे कळून घ्या. नळावरच्या भांडणातलं 'बघून घेईन' वेगळंच. आणि 'करा तुम्हाला हवं ते' हे गृहिणीचं वाक्य? शब्दकोश उघडून बसलात तर ती चक्क परवानगी आहे. त्या परवानगीचा फायदा माणूस आयुष्यात एकदाच घेतो.

या सगळ्यात मला जास्तीत जास्त धोक्याचं वाटतं ते 'दे त्याला' हे दोन शब्दांचं वाक्य. अंगणात दोन भाऊ तावातावाने भांडताहेत. थोरल्याच्या हातात बॅट आहे. आतून कुणीतरी ओरडतं, "अरे, दे त्याला!" आता धाकट्याला बॅट मिळणार, की बॅटीने मिळणार, हे त्या वाक्यात कुठेच लिहिलेलं नाही.

या वाक्याला इंग्रजीत अगदी जुळा भाऊ आहे: 'लेट हिम हॅव इट.' म्हणजे ती वस्तू त्याला देऊन टाक. किंवा, हाण त्याला! मास्तरांच्या आडव्या रेघेपुढे कुठला अर्थ लिहायचा? हा प्रश्न एकदा वर्गात नव्हे, लंडनच्या फौजदारी न्यायालयात निघाला. आणि तिथे गुण जाणार नव्हते, जीव जाणार होता.

२ नोव्हेंबर १९५२ची रात्र. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये एका गोदामाच्या छपरावर दोन पोरं चोरीसाठी चढली. ख्रिस्तोफर क्रेग सोळा वर्षांचा, डेरेक बेंटले एकोणीस वर्षांचा. बेंटलेला लिहिण्या-वाचण्याची बोंब, बुद्धीही बेताचीच. पिस्तूल क्रेगकडे होतं. पोलीस आले, फेअरफॅक्स नावाच्या अधिकाऱ्याने बेंटलेला पकडलं. तेव्हा बेंटले ओरडला, असं पोलिसांनी सांगितलं, "लेट हिम हॅव इट, क्रिस!" क्रेगने गोळी झाडली, ती फेअरफॅक्सच्या खांद्याला लागली. पुढे काही वेळाने क्रेगच्याच गोळीने सिडनी माइल्स हा शिपाई जागच्या जागी ठार झाला. तेव्हा बेंटले पोलिसांच्या ताब्यात होता.

आता सांगा, त्या ओरडण्याचा अर्थ काय? 'पोलीस पिस्तूल मागताहेत तर देऊन टाक बाबा', की 'घाल गोळी'? संदर्भावरून अर्थ कळतो म्हणतात. पण इथे संदर्भ म्हणजे क्रेगच्या हातातलं पिस्तूल, आणि ते दोन्ही अर्थांना सारखंच साक्षीला उभं राहतं. फिर्यादी पक्षाने दुसरा अर्थ घेतला आणि त्यावर मोठी भिस्त ठेवली. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे शोभत नाही, पण दुसरा सुचत नाही) असं वाक्य उच्चारलंच गेलं नाही, असं दोन्ही आरोपींनी न्यायालयात सांगितलं. पंचाईत बघा. 'मी म्हणालोच नाही' असं म्हणणाऱ्याला 'मी म्हणालो त्याचा अर्थ निराळा होता' असं कसं म्हणता येणार?

ज्युरीने दोघांनाही दोषी ठरवलं. बेंटलेसाठी दयेची शिफारसही केली. वयामुळे क्रेगला फाशी देता येत नव्हती. तो तुरुंगात गेला आणि १९६३ साली सुटला. ज्याने गोळी झाडली नव्हती, त्या बेंटलेला २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी झाली. त्याची बहीण आयरिस पुढे चाळीसहून अधिक वर्षं झगडली आणि १९९७ साली वारली. ३० जुलै १९९८ रोजी अपील न्यायालयाने बेंटलेची शिक्षापात्रता रद्द केली; मूळ न्यायाधीशांनी ज्युरीपुढे केलेलं विवेचन एकतर्फी होतं, असा निष्कर्ष निघाला. निकाल लागला. ऐकायला बेंटलेही नव्हता आणि आयरिसही.

मला यात टोचतं ते हे: आपण वाक्याचा अर्थ पुढे काय घडलं त्यावरून मागे जाऊन लावतो. क्रेगने मुकाट्याने पिस्तूल पुढे केलं असतं, तर तेच शब्द बेंटलेच्या शहाणपणाचा पुरावा ठरले असते. दुसरं म्हणजे, आपण आधी माणूस ठरवतो, मग त्याच्या वाक्याचा अर्थ. रात्री छपरावर चढलेला पोरगा भलं कशाला बोलेल? झालं! आवडत्या मावशीचं 'बारीक झालीस ग' म्हणजे काळजी. तेच नावडत्या आत्याकडून आलं, की सासरचा उद्धार.

तुम्ही म्हणाल, मग काय, जो तो 'माझा तसा अर्थ नव्हता' म्हणून सुटणार? नाही. 'त्यांची नीट काळजी घे रे' असं गल्लीतला दादा आपल्या पंटरला सांगतो, तेव्हा तो दुहेरी अर्थ भांडवल म्हणूनच वापरत असतो. तिथे भोळेपणा कामाचा नाही. पण अर्थ लावताना एक हिशेब करता येतो: माझा अर्थ उद्या चुकीचा निघाला, तर झालेलं परत फिरवता येईल का? येणार असेल, तर खुशाल संशय घ्यावा. येणार नसेल, तर शब्दांना सौम्य अर्थाचा फायदा द्यावा. फाशी परत घेता येत नाही. भावाभावांत वीस वर्षं धरलेला अबोला परत घेता येतो म्हणतात, पण ती वीस वर्षं येत नाहीत.

म्हणून हल्ली कुणी 'ते तुमच्याबद्दल असं असं म्हणाले म्हणे' अशी बातमी घेऊन आलं, की मी तीन प्रश्न विचारतो. तुम्ही स्वतः ऐकलंत? कुणाला म्हणाले? आणि तेव्हा त्यांच्या हातात काय होतं? तिसऱ्या प्रश्नाला पाहुणे गोंधळतात. तेवढ्यात चहा येतो, आणि बहुतेक वेळा मूळ विषय अमेरिकन पद्धतीने 'टेबल' होतो.