परक्या नगरींतील रात्र

परक्या नगरींत रात्रीं वाट विचारण्याची प्रवाशास लाज कां वाटावी? लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकनें आखलेला नकाशा १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत खरीं अंतरें नाहींत. गाडी कोठें बदलावी एवढें मात्र स्पष्ट कळतें. असा नकाशा खिशांत असला, कीं आपण स्वावलंबी आहों असें आम्हांस वाटूं लागतें. परंतु शेवटची गाडी चुकली, म्हणजे अनोळखी माणसाच्या शब्दावर विश्वास टाकावाच लागतो. आमच्या मतें नगरीचें खरें दर्शन तेव्हांच घडतें. दिव्यांनीं उजळलेले पूल ती सर्वांनाच दाखविते. तिचें शील अडलेल्यास दिलेल्या उत्तरांत दिसतें.

हीच कसोटी आम्हां वर्धेकरांसही लागू आहे. १९३६ सालीं गांधीजी येथील शेगांवीं राहावयास आले. बुलढाण्याकडील शेगांवाशीं घोटाळा होऊन पत्रें वाट चुकूं लागलीं, म्हणून १९४० मध्यें गांवाचें नांव सेवाग्राम झालें. पत्रांची सोय झाली. पण वर्ध्याच्या फलाटावर रात्रीं उतरलेल्या परदेशी पाहुण्याला पुढचे सुमारें आठ किलोमीटर अजून कोणीतरी सांगावेच लागतात. परदेशांत आपणांस लाभलेल्या सौजन्याचें ऋण येथेंच फेडलें पाहिजे.