नाव प्रेक्षकांना माहीत, बाँडला नाही

४ डिसेंबर २०१४ रोजी लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत दिग्दर्शक सॅम मेंडिस यांनी चोविसाव्या बाँडपटाचं नाव जाहीर केलं : ‘स्पेक्टर’. नऊच दिवसांनी ईऑन या निर्मितीसंस्थेला दुसरं निवेदन काढावं लागलं. सोनी पिक्चर्सच्या संगणकांतून चोरीला गेलेल्या ऐवजात ‘स्पेक्टर’च्या पटकथेचा एक आधीचा खर्डाही होता. एफबीआयने या चोरीसाठी उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. राग होता म्हणे तो किम जोंग उन यांच्या हत्येवर बेतलेल्या ‘द इंटरव्ह्यू’ या विनोदपटाचा. बाँड बिचारा मधल्यामध्ये सापडला. जगभर पाळत ठेवू पाहणारी यंत्रणा नायक मोडून काढतो, अशी ज्या चित्रपटाची गोष्ट, त्याचीच संहिता अशी उघड्यावर यावी!

चित्रीकरणाला आठवडाही झाला नव्हता आणि पेपर फुटला होता. फुटलेल्या ईमेलमध्ये खुद्द स्टुडिओचे अधिकारी शेवट जमत नाही म्हणून कुरकुरत होते. चित्रपट अजून कागदावर असतानाच त्याच्या शेवटावर वाद रंगले. पण सगळ्यांचं लक्ष लागलं होतं ते एकाच गोष्टीकडे : क्रिस्टोफ वॉल्ट्झ साकारत असलेला फ्रान्झ ओबरहाउजर हा खरं तर बाँडचा जुना शत्रू ब्लोफेल्ड आहे का? वॉल्ट्झ मुलाखतींमधून नाही म्हणत राहिले. चाहत्यांचा त्यांच्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

तो नसणंच बरोबर होतं, आणि त्यासाठी चोरीच्या कागदांची गरजही नव्हती. इयान फ्लेमिंगच्या ‘थंडरबॉल’ कादंबरीमागे केव्हिन मॅकक्लोरी यांच्याबरोबर केलेलं पटकथेचं काम होतं. त्यावरून कोर्टकज्जा झाला आणि स्पेक्टर ही संघटना व तिचा म्होरक्या ब्लोफेल्ड कित्येक दशकं हक्कांच्या भांडणात अडकून पडले. २०१३ मध्ये मॅकक्लोरी यांच्या वारसांशी तडजोड झाली. त्यानंतर जेमतेम वर्षभराने चित्रपटाचं नाव ‘स्पेक्टर’ ठरतं, तेव्हा म्होरक्या कोण हे वेगळं सांगायला कशाला हवं? गुपित पोस्टरवरच छापलेलं होतं.

तरी मला वाटतं, चित्रपटाचं नुकसान हे गुपित कळल्यामुळे झालं नाही. ते ज्या प्रकारचं होतं, त्यामुळे झालं. मोरोक्कोच्या वाळवंटातला तो प्रसंग आठवा. बाँड खुर्चीला जखडलेला, डोक्यात यंत्राची सुई घुसते आहे, आणि ओबरहाउजर आपलं नवं नाव सांगतो : अर्न्स्ट स्टाव्ह्रो ब्लोफेल्ड. थिएटरातल्या जुन्या चाहत्याच्या अंगावर काटा यावा अशी ही मांडणी. पण डॅनियल क्रेगच्या बाँडने हे नाव उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. तो एक तिरकस शेरा मारून मोकळा होतो. रहस्यस्फोट होतो तो त्याच्या डोक्यावरून, थेट तिसऱ्या रांगेत.

याउलट बाँडची प्रेयसी वेस्पर हिचं उदाहरण घ्या. तिची फितुरी आणि तिचा मृत्यू १९५३ पासून ‘कसिनो रोयाल’च्या प्रत्येक वाचकाला ठाऊक. २००६ च्या चित्रपटात व्हेनिसच्या पाण्यात ती बुडते तेव्हा ते आधी माहीत असल्याने काहीही बिघडत नाही, कारण घाव बाँडवर पडतो आणि आपण त्याच्या शेजारी उभे असतो. १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये लग्नानंतर काही वेळातच मारली जाणारी बाँडची बायको ट्रेसीही तशीच. पटकथा छापून दारोदार वाटली असती तरी हे प्रसंग उणे झाले नसते.

‘स्पेक्टर’च्या लेखकांना ही पोकळी जाणवली असावी. म्हणूनच ओबरहाउजर बाँडचा मानलेला भाऊ निघतो, बापाच्या मायेसाठी जळणारा. पण आधीच्या तीन चित्रपटांच्या वाटचालीत ज्याचा पत्ता नाही, तो भाऊ ऐनवेळी आणून दुखणार तरी काय? शिवाय ब्लोफेल्डची टर उडवणारा डॉक्टर ईव्हिल २००२ च्या ‘गोल्डमेंबर’मध्ये ऑस्टिन पॉवर्सचा भाऊ ठरून गेला होता. विडंबन आधी आणि मूळ नंतर, हा योग दुर्मीळच.

खलनायकाचं नाव लपवण्याचं हे खूळ एकट्या बाँडचं नाही. २०१३ च्या ‘स्टार ट्रेक इनटू डार्कनेस’मध्येही खलनायक खान असल्याचं असंच लपवलं, आणि तिथेही कॅप्टन कर्कला त्या नावाचा काही अर्थ नव्हता. चाहते सुगावा लावणार, निर्माते नाकारणार, या लपंडावात दोघांनाही मजा येते. पडद्यावरचा नायक मात्र त्यात भिडूच नसतो.

आपल्याकडे तर आणखी गंमत. पटकथा जगजाहीर झालेला हा चित्रपट नोव्हेंबर २०१५ मध्ये भारतात लागला, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सेन्सॉर बोर्डाने त्यातल्या चुंबनांची लांबी निम्म्यावर आणली होती. पहिल्यांदाच पाहायला मिळावं असं काही उरलं होतं, त्यालाही कात्री.

आता सूत्रं ॲमेझॉनकडे आहेत. दिग्दर्शन डेनिस व्हिलनव्ह यांच्याकडे, लेखन स्टीव्हन नाइट यांच्याकडे आलं आहे आणि तर्कांना पुन्हा ऊत आला आहे. पण २०२१ च्या ‘नो टाइम टु डाय’च्या शेवटी बाँड क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात मेला. म्हणजे नव्या बाँडला जुनी जखम नाही, जुना शत्रू नाही. नाइट यांनी पुन्हा ब्लोफेल्डच आणला, तर या वेळी आधी बाँडला त्याला घाबरण्याचं कारण द्यावं. ते पान फुटलं तरी मी तिकीट काढीन.