गोड आठवणींचा हिशेब

बालपणीचे गाव आठवले म्हणजे मनुष्याचा स्वर आपोआप मृदू होतो, आणि ऐकणारेही त्यास हटकीत नाहीत. राजकारणावर तो दोन वाक्ये बोलला तर दहा आक्षेप निघतील. परंतु 'आमच्या लहानपणी' असा प्रारंभ करून त्याने वाटेल ते सांगावे, सभ्य मंडळी माना डोलावतात. या सवलतीचा लाभ आम्हीही पुष्कळ वर्षे घेत आलो आहो. तो घेण्याचा आम्हांस अधिकार आहे काय, हा प्रश्न अलीकडे मनात शिरला आहे व काही केल्या बाहेर निघत नाही. म्हणून वाचकांपुढे मांडीत आहो.

आमचे गाव कोयनेच्या खोऱ्यात, जावळीच्या रानात होते. 'होते' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. महाबळेश्वरी उगम पावून दक्षिणेस वाहणारी कोयना हेळवाकपाशी पूर्वेस वळते आणि कराडास कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या अलीकडे धरण झाले, आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत खोऱ्यातील गावे शिवसागराच्या पाण्याखाली गेली. त्याच पाण्याचा मोठा भाग बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस पोफळीकडे उतरतो व वीज देतो. खोऱ्यातील घरोघरचे पुरुष तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत राबत. पुढे गिरण्या बंद पडल्या. वीज चालू आहे. असो. सांगावयाचे एवढेच की, बुडालेल्या गावाची आठवणीस मोठी सोय होते. तेथे जाऊन कोणी पडताळा पाहू शकत नाही. घर आमच्या वर्णनात वर्षावर्षाला मोठे होत गेले आहे, आणि अंगणातील जांभूळही.

आमच्या जवळचा सर्वांत जपलेला ठेवा म्हणजे श्रावणातील एक रात्र. आम्ही तेव्हा पाच वर्षांचे असू. बाहेर धो धो पाऊस, गोठ्यातील गुरांची ऊब, आणि अकस्मात अंगणभर उजेड! गावातील दहा-बारा पुरुष इरली घेऊन आले होते. पाऊस लागून विझू नयेत म्हणून इरल्याच्या आडोशास धरलेल्या चुडी त्यांच्या हाती जळत होत्या. थोड्या वेळाने ती रांग डोंगर चढू लागली, आणि अंधारात उजेडाचे ठिपके नागमोडी वर वर जाताना आम्ही ओसरीवरून पाहत राहिलो. त्यानंतर आम्ही शहरांतल्या कितीतरी दिवाळ्या पाहिल्या; त्या ठिपक्यांची सर कशासही आली नाही. हे वर्णन आम्ही मुलांना ऐकविले, पुढे नातवंडांना ऐकविले, आणि एकदा एका समारंभात तर त्यावर टाळ्याही घेतल्या.

गेल्या वर्षी ते पुन्हा चालले असता आमची थोरली बहीण अक्का तेथे बसली होती. तिने पंच्याऐंशी ओलांडली आहे; सहसा मध्ये बोलत नाही. कथा संपल्यावर ती म्हणाली, "आरं, त्या राती धाकलीला झोळीत घालून मेढ्याला न्यायला निघालं व्हते. खिंडीतनंच माघारी आले."

धाकटी म्हणजे आमच्या पाठची बहीण. ती तापाने गेली हे आम्हांस ठाऊक होते. ती श्रावणात गेली हेही कदाचित ठाऊक असेल. पण त्या चुडी तिच्यासाठी पेटल्या होत्या, त्या रांगेच्या मध्यभागी बांबूला बांधलेली घोंगडीची झोळी होती, आणि डोंगरापलीकडील डॉक्टरापर्यंत ती पोहोचलीच नाही, हे साठाहून अधिक वर्षे आम्ही एकत्र जोडले नव्हते. नातवंडे गप्प झाली. त्यांतील एकाने विचारले, "मग आता ती गोष्ट सांगायची नाही का?"

मुलाचा प्रश्न आम्हांस वाटला त्याहून कठीण निघाला. आम्ही खोटे सांगितले नव्हते. उजेड खरा होता, त्याचे सौंदर्यही खरे. पाच वर्षांच्या मुलाने तेवढेच पाहिले, यात त्याचा दोष नाही. दोष असलाच तर तो सत्तरीतल्या मनुष्याचा, ज्याने पाच वर्षांच्या डोळ्यांनी पाहणे आयुष्यभर सोयीचे मानले. बालपण गोड असते याचे कारण त्याचा खर्च दुसरा कोणी सोशीत असतो. मूल जमेची बाजू तेवढी पाहते. मोठेपणी वही उलटून खर्चाचे पान पाहणे हे आपले काम. ते न करता जमेचेच पान वाचून दाखविणे ही नुसती हळवेपणाची बाब राहत नाही, तो एक प्रकारचा अपहार होतो.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यास रडवे म्हणून नाके मुरडण्याची मध्यंतरी चाल पडली होती. आमचे मत निराळे आहे. त्या पुस्तकात कोकणातले बालपण आहे आणि ते गोडही आहे. पण प्रत्येक गोड घासाबरोबर आईचे उपसलेले कष्ट, घरावरचे कर्ज आणि तिचा अपमान वाचकास गिळावा लागतो. खर्चाचे पान तेथे फाडलेले नाही. आणि ते पान आपल्या घरापुरतेच वाचूनही भागत नाही, हे १९७८ साली दया पवारांच्या 'बलुतं'ने मध्यमवर्गीय वाचकास कळविले. गाव वेशीच्या आतून पाहिलेले आणि बाहेरून पाहिलेले ही दोन गावे होती. आमच्या ओढ्यालाही पाणवठे दोन होते, वरचा आणि खालचा. घाट उतरून गेले की लागणाऱ्या महाडास १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला. आमच्या आठवणीतला खालचा पाणवठा त्यानंतरचा आहे. तो आम्ही आजवर कोणत्याही वर्णनात घातला नाही. त्यात काव्य नव्हते, हेच कारण.

आता याच्या उलट टोकास जाणारेही आहेत. गाव म्हणजे केवळ अज्ञान, रोगराई आणि जुलूम, त्याची आठवण काढणेच प्रतिगामी, असे ते म्हणतात. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या नोव्हेंबरात संविधान सभेत गावाविषयी फार कठोर शब्द काढले, आणि ज्यांनी ते गाव सोसले त्यांच्या वतीने बोलण्याचा त्यांना संपूर्ण अधिकार होता. परंतु ज्याने काही सोसले नाही त्याने तो कठोरपणा उसना घेऊन मिरवावा, हे आम्हांस पटत नाही. त्या रात्री ज्यांनी चुडी धरल्या त्यांना पहाटे चिखलणीस जावयाचे होते. त्यांतले दोघे तर आमच्या घराशी बांधाच्या भांडणाने बोलत नसत. तरी ते आले. हा हिशेबही वहीत हवा.

त्या दिवशी अक्कास आम्ही विचारले की, गाव पुन्हा वर आले तर तेथे राहावयास जाशील काय. प्रश्न पोरकट होता, पण म्हाताऱ्या मंडळींना असे प्रश्न रुचतात. तिने ठाम नकार दिला. आठव्या वर्षापासून डोक्यावर हंडा, एकावर एक कळशी, पावसाळ्यात निसरडी वाट, आई शेतात, बाप मुंबईस. तिला पुन्हा काही नको होते. मग बराच वेळ ती गप्प राहिली आणि म्हणाली की, वरच्या पाणवठ्याच्या चढावर एक सपाट दगड होता, कमरेइतका उंच. तेथे हंडा टेकवून उभे राहिले की समोर वासोट्याचा डोंगर दिसे आणि वारा लागे. तो दगड मात्र तिला अजून स्वप्नात दिसतो.

तर ज्यांनी भार वाहिला त्यांचीही आठवण गोड होते, फक्त ती भार टेकविण्याच्या जागेभोवती जमते! या शोधाने आम्हांस क्षणभर सुटल्यासारखे वाटले, हे कबूल करतो. त्या भरात आम्ही विचारले, त्या दगडावर आणखी कोण कोण हंडे टेकवीत असे? अक्काने बोटे मोजीत पाच-सहा घरांच्या लेकीसुनांची नावे सांगितली. त्यांतल्या तिघी पुनर्वसनात कोणत्या गावी गेल्या हेही तिला ठाऊक होते.

"आणि खालच्या पाणवठ्यावरच्या बाया?"

अक्का आठवू लागली. "त्यांची वाट पल्याडनं," ती म्हणाली. "तिकडं दगड व्हता का न्हाय, म्या कधी बघितलं न्हाय."

त्या घरांतील माणसे धरणानंतर कोठे वसली, हेही तिला सांगता आले नाही. आम्हांसही नाही.