दलालाचा शब्द आणि बहिणीचा वाटा

आमच्या परिचयातील एक गृहस्थ आखातात बावीस वर्षे नोकरी करून कोकणात परतले. कंपनीने माणसे कमी केली तेव्हा त्यांचे वय ४८ होते. मुलीचा निकाह व्हायचा होता, मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि शिल्लक घराच्या बांधकामात संपली होती. या वयात नवी नोकरी कोण देणार? पंचक्रोशीत ओळखी होत्या, हिशेबाची सवय होती. म्हणून त्यांनी घरे व जमिनींच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी सुरू केली. घरातील वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. ‘आपल्या घराण्यात कोणी दलाली केली नाही,’ असे त्यांना ऐकावे लागले.

हा व्यवसाय खरोखर हलका आहे काय? माननीय कैस बिन अबी गरजा (रजि.) सांगतात की, मदीनेत त्यांना व त्यांच्या सोबत्यांना ‘समासिरा’ म्हणजे दलाल म्हटले जाई. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्याजवळून गेले तेव्हा त्यांनी या लोकांना ‘व्यापारी’ या अधिक चांगल्या नावाने संबोधिले. मात्र त्याच वेळी त्यांनी असेही बजावले की, खरेदी-विक्रीत व्यर्थ बोलणे व शपथा मिसळतात, म्हणून तिच्यात दानधर्मही मिसळत जा. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहात दलालीच्या मोबदल्यावर स्वतंत्र प्रकरण दिले असून इब्ने सीरीन, अता आणि हसन (रह.) यांसारख्यांना त्यात काही गैर वाटत नसल्याची नोंद केली आहे.

उतारवयाकडे झुकताना नव्याने आरंभ करण्यातही कमीपणा नाही. माननीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतील सर्वस्व सोडून मदीनेत आले, तेव्हा त्यांचे अन्सारी बंधू माननीय साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आशीर्वाद दिले आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला.

तेव्हा प्रश्न प्रतिष्ठेचा नाही. दुकानदाराकडे माल असतो, कारागिराकडे हुन्नर असते. मध्यस्थाकडे केवळ शब्द असतो. त्यातही अडचण अशी की, व्यवहार झाला तरच त्याला मोबदला मिळतो, मोडला तर सहा महिन्यांची पायपीट फुकट जाते. म्हणजे भिंतीतील ओल, रस्त्याचा वाद, सातबाऱ्यावरील बोजा, यांविषयीचे प्रत्येक सत्य त्याच्या स्वतःच्या खिशाविरुद्ध जाते. धान्याच्या राशीत हात घालून आतील ओलावा उघड करणाऱ्या आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यातून वगळणाऱ्या प्रेषितांची (स.) शिकवण या व्यवसायाला पावलोपावली लागू पडते.

कायद्यानेही काही बंधने घातली आहेत. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमान्वये नोंदणीकृत गृहप्रकल्पांतील सदनिका विकणाऱ्या मध्यस्थाला स्वतःची नोंदणी करावी लागते; महाराष्ट्रात ‘महारेरा’ने त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही अनिवार्य केली आहे. आमच्या गृहस्थांनी मुलाच्या वयाच्या तरुणांबरोबर बसून ती परीक्षा दिली. परंतु त्यांची खरी परीक्षा पुढे होती.

दोन भाऊ वडिलोपार्जित घर विकण्यासाठी त्यांच्याकडे आले. आई-वडील निवर्तले होते. मिळकत पत्रिकेवर दोघांचीच नावे होती, कारण बहिणीने पूर्वीच हक्कसोड पत्रावर सही केली होती. किंमत ४० लाख ठरत होती आणि दोन्ही पक्षांकडून एक-एक टक्का, म्हणजे ८० हजार रुपये मिळणार होते. गृहस्थांनी सहज विचारले, “बहिणीला काय दिले?” उत्तर आले, “तिच्या लग्नात खर्च केलाच होता की.”

शरीअतच्या हिशेबाने दोन भाऊ व एक बहीण असता संपत्तीचे पाच भाग होतात. त्यांतील एक बहिणीचा. येथे तो आठ लाखांचा होता. पवित्र कुरआनच्या सूरह निसामध्ये आई-वडिलांच्या मालमत्तेत पुरुषांप्रमाणेच स्त्रियांचाही वाटा, मग ती मालमत्ता थोडी असो वा अधिक, निश्चित केलेला आहे. लग्नाचा खर्च हा वारसाहक्काचा मोबदला नव्हे. बहिणीने राजीखुशीने आपला वाटा सोडला तर तो तिचा अधिकार. पण ‘सही केली नाही तर माहेर तुटेल’ या धास्तीने केलेली सही ही राजीखुशी कशी म्हणावी?

यावर कोणी म्हणेल, कागद कायदेशीर आहेत, मध्यस्थ काही न्यायाधीश नाही. दुसऱ्यांच्या घरगुती बाबींत त्याने का पडावे? या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येक घराच्या अंतरंगाची चौकशी करणे त्याचे कर्तव्य नाही, आणि संशय घेत फिरणे हेही इस्लामला मान्य नाही. परंतु न कळणे वेगळे आणि कळल्यावर कानाडोळा करणे वेगळे. कुरआनने सत्कार्यात सहकार्य करण्यास आणि पाप व अतिरेकात सहकार्य न करण्यास सांगितले आहे. मध्यस्थाचा मोबदला तर सहकार्याचाच मोबदला असतो. अन्यायाने वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड पडेल, हा हदीसमधील इशारा ज्याने ऐकला आहे, त्याने त्या जमिनीचा सौदा जुळवताना थांबलेच पाहिजे.

गृहस्थांनी एवढेच सांगितले, “आपांना एकदा भेटू द्या. त्या मनापासून हो म्हणाल्या तर मी पुढचे सर्व करतो.” भावांना राग आला. महिनाभरात दुसऱ्या मध्यस्थाने तो व्यवहार पूर्ण केला. बहिणीला काही मिळाले नाही. गृहस्थांनी मुलाची फी उसनवारी करून भरली.

मग त्यांच्या सचोटीने साधले काय? व्यवहारी दृष्टीला काहीच दिसणार नाही. सत्य बोलणाऱ्या व दोष उघड करणाऱ्या विक्रेत्या-ग्राहकांच्या सौद्यात बरकत असते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, पण बरकत म्हणजे दर वेळी हातात पडणारी रोकड नव्हे. ज्या घासावर कोणा बहिणीचा हक्क नाही असा घास मुलांच्या ताटात पडणे, हीसुद्धा बरकतच आहे.

मध्यम वयात व्यवसाय बदलणाऱ्यावर घराचा भार असतो, आणि त्या भाराखालीच पाय घसरतात. म्हणून ही जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही. तो संध्याकाळी रिकाम्या हाताने परतला तर ‘आज किती मिळाले?’ असे विचारण्याआधी घरच्यांनी थोडे थांबावे. आणि ज्यांच्या घरी बहिणीचा वाटा अद्याप दिलेला नाही, त्यांनी मध्यस्थाने विचारण्याची वाट पाहू नये.

अल्लाह आम्हा सर्वांना हलाल उपजीविका आणि तिच्यावर समाधान मानणारे मन प्रदान करो. आमीन.